तुळईच्या पोटातल्या नऊ खाचा

मागच्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी माझ्या बायकोच्या भाचीच्या नवऱ्याचा, निखिलचा, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून व्हिडिओ कॉल आला. पोरगा आठवडाभर कॉम्प्युटरवर असतो आणि सुट्टीच्या दिवशी घराची दुरुस्ती स्वतः करायची त्याला भारी हौस. फोनवर आधी अंधार दिसला, मग कोळिष्टकं, मग त्याचा चेहरा. घराखालच्या बुटक्या पोकळीत तो उताणा पडला होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात विजेची करवत.

"काका, डिसेंबरमध्ये आईबाबा येतायत. त्यांच्या बाथरूमची फरशी गरम करायचीय. पाइप आडवा न्यायचाय, पण मध्ये हे जॉइस्ट येतायत. प्रत्येकाला खालून छोटा कट मारतो आणि पाइप आत बसवून टाकतो. ओके ना?"

"करवत खाली ठेव," मी म्हणालो.

"अहो काका, दोनच इंच..."

"निखिल, करवत खाली ठेव! आधी प्लग काढ, मग बोलू."

सुमन, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं कुणी बेशुद्ध पडलं. पाऊण तास मी फोनवर ओरडत होतो. शेवटी पोरगा म्हणाला, "यार काका, यूट्यूबवाला तर एवढं काहीच बोलला नाही." मी म्हटलं, यूट्यूबवाल्यानं नऊ खाचा पाडलेल्या नाहीत, मी पाडल्यात.

आपल्या मंडळाच्या संपादकबाई तीन वर्षं मागं लागल्या होत्या, काका, कामाचे अनुभव लिहा. मी टाळत होतो. या अंकात लिहिणारे सगळे डॉक्टर, नाहीतर पीएचडी. मी सातवी झालेला. पण निखिलला जे ओरडून सांगितलं ते एकदा नीट कागदावर यावं असं वाटलं. लिहिलंय मी, टाइप केलंय सुनेनं. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

मी मिरजेकडचा. साखर कारखान्यात बॉयलरवर पाइप फिटर होतो. सुमन नर्स. तिला शिकागोत नोकरी मिळाली आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या मागोमाग आलो. लोक म्हणाले, बायकोच्या पदराला धरून चालला. धरून आलो खरा. पदर मजबूत होता, तक्रार नाही. इथं हीटिंगचं काम करणाऱ्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. पाइपचं काम मला येत होतं, आणि ते मला येतं हे मी सगळ्यांना सांगतही होतो.

आता ज्यांनी कधी बेसमेंटमध्ये मान वर करून बघितलं नाही त्यांच्यासाठी. जुन्या घरांत तळघरात बॉयलर असतो. तिथून गरम पाणी तांब्याच्या पाइपातून खोल्याखोल्यांत जातं, भिंतीलगतचे रेडिएटर तापवतं आणि गार होऊन परत येतं. घर लाकडाचं. तुम्ही चालता त्या फ्लोअरच्या खाली दर सोळा इंचावर एक लाकडी तुळई आडवी टाकलेली असते. तिलाच जॉइस्ट म्हणतात. पाइप तुळयांच्या बाजूनं न्यायचा असेल तर काहीच अडचण नाही. तुळयांना छेदून न्यायचा झाला की अक्कल लागते.

आणि मी आलो होतो विटांच्या घरांतून. आपल्याकडं काय करतात? पाइप न्यायचाय तर छिन्नी-हातोडा घ्यायचा, भिंतीत खाच पाडायची, पाइप बसवायचा, सिमेंटनं लिंपायचं. भिंत काही बोलत नाही. तीस वर्षं हाताला तीच सवय. इथं येऊन लाकूड बघितलं तेव्हा मनात आलं, अरे, हे तर विटेपेक्षा सोपं. किती सुबक कापलं जातंय!

तेव्हा आमच्या उपनगरात एक मराठी डॉक्टर होते. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. हाडांचे डॉक्टर, सव्वासहा फूट उंच, बोलायला तुटक. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. आम्ही नवीन असताना सुमनला पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट दिला तो त्याच वहिनींनी. त्यांची मागची मोठी बैठकीची खोली हिवाळ्यात गार पडायची. डॉक्टरांनी मला बोलावलं. कंपनीचं काम नव्हे, सुट्टीच्या दिवशी माझं माझं. अमेरिकेतलं माझं पहिलं स्वतंत्र काम. मंडळातल्या लोकांना कळेल, चार कामं मिळतील, कुणाच्या हाताखाली राहायला नको, अशी स्वप्नं.

डॉक्टरांची एकच अट होती. "पाइप खाली लोंबायला नकोत. बेसमेंटमध्ये माझं डोकं आपटतं."

तांब्याचा लांब पाइप सरळ असतो, वाकत नाही. तुळयांना भोकं पाडून तो ओवायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात, दर तुकडा डाग देऊन जोडावा लागतो. दोन दिवसांचं काम. मी नऊ तुळयांना खालून, बरोब्बर मध्यावर, दोन इंच खोल खाचा पाडल्या. दोरी लावून पाडल्या, एका रेषेत. त्यात जाणारा आणि परत येणारा, दोन्ही पाइप अखंड बसवले. अर्ध्या दिवसात काम. बेसमेंटमधून बघितलं की नऊ तुळया आणि त्यांच्या पोटात चकाकणारं तांबं. मी सुमनला मुद्दाम नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "छान दिसतंय." मी म्हटलं, "दिसतंय नव्हे, आहे."

गणपतीत त्या घरी पाच दिवसांचा गणपती असायचा, त्याच मागच्या खोलीत. मोठी आरती शनिवारी. साठ माणसं. आरती वर, जेवणं खाली बेसमेंटमध्ये. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, खालचं छत तेवढं झाकून द्या हो, पाइप दिसतात." मी गुरुवारी दुपारी छताला लावायचे बोर्ड घेऊन गेलो. ते एकट्यानं चढवता येत नाहीत म्हणून सोबत यानुशला नेलं.

यानुश आमच्या कंपनीतला पोलंडचा सुतार, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळं आमचं छान जमायचं. मी कुणाचं ऐकत नाही म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा.

तो जिना उतरला, वर बघितलं आणि हातातला बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला.

"प्रोफेसर, हे कुणी केलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"या घरातल्या लोकांनी तुझं काय वाईट केलंय?"

मला राग आला. मी म्हटलं, नऊ इंचांतले दोनच इंच घेतलेत, सात शिल्लक आहेत. त्यानं कोपऱ्यातल्या दोन लाकडी पट्ट्या उचलल्या. एकीला मध्यावर खालून करवतीनं खाच पाडली. दुसरीला मध्यभागी, पट्टीच्या उंचीच्या बरोब्बर मध्यातून, ड्रिलनं भोक पाडलं. दोन्ही उभ्या धारेवर दोन डब्यांवर आडव्या टाकल्या. भोकवालीवर तळहातानं सगळा भार दिला. वाकली, परत सरळ झाली. खाचवालीवर नुसता अंगठा दाबला. कट्कन गेली.

मला वाटलं यानं लबाडी केली. मी स्वतः तिसरी पट्टी घेतली, खाच कमी खोल पाडली. ती गेली. चौथी घेतली. ती पण गेली. तोपर्यंत तो खोक्यावर बसून सफरचंद खात होता.

ज्वारीची भाकरी वाकवून बघा. तडकते कुठं? खालून. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधल्या थराला जवळजवळ काहीच होत नाही. तुळईचंही तसंच. सगळा ताण खालच्या कडेला, आणि तोही लांबीच्या मध्यावर सगळ्यात जास्त. मी नेमका तिथंच घास घेतला होता, नऊ वेळा. म्हणून भोक पाडायचं ते उंचीच्या मध्यात, वरून-खालून दोन-दोन इंच सोडून, आणि उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं कधी नाही. खाच पाडावीच लागली तर टोकाकडं, आणि अगदी उथळ. मध्यावर नाही म्हणजे नाही. इथले नियम पुस्तकात छापलेले होते. मी पुस्तक उघडलं नव्हतं.

एक विषयांतर करतो. भोक पाइपापेक्षा जरा सैल ठेवायचं, हे पण यानुशनंच शिकवलं. गरम झाला की पाइप लांब होतो, घट्ट भोकात अडकून टकटक वाजतो. पुढं एका घरी नागपूरहून आलेल्या आजी रोज पहाटे जमिनीतून टकटक ऐकायच्या आणि लेकाला म्हणायच्या, शांत कर रे बाबा, या घरात कुणीतरी आहे. गुरुजींची वेळसुद्धा ठरली होती. मी जाऊन सहा भोकं रुंद केली. आवाज बंद. आजी मला म्हणाल्या, "तुमच्याकडं कोणता मंत्र आहे?" मी म्हटलं, "सव्वा इंची ड्रिल." असो.

यानुशनं टॉर्च लावून एकेक तुळई बघितली. चौथ्या तुळईपाशी थांबला. खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर निघाली होती, वीतभर लांब, लाकडाच्या रेषेतून आडवी. वर नुसता गणपती, मखर आणि येणारी-जाणारी चार माणसं. शनिवारी साठ येणार. आपली आरती म्हणजे शांत बसून ऐकायची गोष्ट नाही. टाळ असतात, पोरं उड्या मारतात, शेवटी सगळे जागच्या जागी फिरतात.

मी त्या चिरेवरून बोट फिरवलं. आणि लाज वाटते तरी लिहितो, माझ्या मनात पहिला विचार आला तो बोर्डांचा. छत झाकून टाकलं की कुणाला दिसणार नाही. एक आरती निभावेल, मग सावकाश काहीतरी करू. यानुशनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं. बोर्ड उचलून स्वतःच्या ट्रकमध्ये टाकले आणि म्हणाला, "आता तू सांगतोस की मी सांगू?"

घरी येऊन सुमनला सांगितलं. म्हटलं, आपलं नाव जाईल. मंडळात परत कुणी दारात उभं करणार नाही. ती ड्यूटीवर निघाली होती, बूट घालत होती. म्हणाली, "चुकीचं औषध गेलं तर आम्ही काय करतो? लगेच सांगतो. पेशंट अजून जिवंत असताना." आणि मला गाडीत घालून डॉक्टरांच्या दारात सोडून गेली. आत जातोय का नाही हे बघायला कोपऱ्यावर थांबली होती, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर आणि वहिनी दोघं बेसमेंटमध्ये आले. मी चीर दाखवली. तुटलेल्या पट्ट्या दाखवल्या. डॉक्टर हाडांचे, त्यांना मला फार समजवावं लागलं नाही. हात वर करून त्यांनी एक खाच बोटांनी मापली.

"तुम्हाला येत नव्हतं तर काम घेतलंत कशाला?"

मी खाली वाकून पट्ट्यांचे तुकडे गोळा करायला लागलो. 

मग डॉक्टर म्हणाले, "ठीक. कार्यक्रम गॅरेजमध्ये हलवू. मूर्ती उचलून..."

"काहीतरीच काय?" वहिनी म्हणाल्या. "प्रतिष्ठापना झालीय. बसलेला गणपती विसर्जनापर्यंत जागचा हलवायचा नाही."

"अगं, फ्लोअर पडेल!"

"मग फ्लोअर पडू द्यायचं नाही. भाऊ, ते तुमचं काम."

"कॅन्सल करू या?"

"आठ बायका मोदक वळायला येतायत. डेव्हनवरच्या देशी दुकानातून नारळ आणलेत चाळीस. तू फोन कर त्यांना. मी नाही करणार."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "शनिवार संध्याकाळपर्यंत होईल?"

मी म्हटलं, होईल. होईल का नाही हे मला ठाऊक नव्हतं. ते यानुशला ठाऊक होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी कंपनीतून रजा टाकून आला. मी त्याला तसं म्हटलंही नव्हतं.

करायचं काय होतं? कापलेल्या प्रत्येक तुळईला तेवढीच लांब नवी तुळई बिलगून उभी करायची, डिंक लावून बोल्टांनी जखडायची. चौदा फुटी लाकूड जिन्यातून वळत नाही. बेसमेंटची एक खिडकी चौकटीसकट काढली आणि तिथून एकेक आत सरकवली. त्याआधी खालून आधार. सगळ्या तुळयांच्या मध्याखाली एक जाड आडवी तुळई धरायची आणि तिला लोखंडी खांबांनी टेकू द्यायचा. या खांबांना स्क्रू असतो, फिरवला की इंचाच्या अंशानं वर जातो. इथं जोर लावून चालत नाही. जास्त उचललं तर फ्लोअरच उचललं जातं. आणि वर तर देव.

वहिनी वर समईपाशी बसल्या. मी खाली स्क्रू फिरवायचा, यानुश तुळईला कान लावायचा आणि वहिनी समईतल्या तेलाकडं बघायच्या.

"हललं! भाऊ, तेल हललं!"

मी थांबायचो. पाव वळसा मागं. पुन्हा.

"आता?"

"आता ठीक. पण जरा हळू करा हो, त्याला झोके देताय होय?"

यानुशला मी भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, "तीस वर्षांत एवढं चांगलं लेव्हल मी बघितलं नाही." त्या दिवसापासून तो वहिनींना 'बॉस' म्हणायला लागला.

शनिवारी पाच वाजेपर्यंत नऊपैकी पाच तुळया झाल्या. चार राहिल्या, त्या नुसत्या टेकूवर. वर माणसं यायला लागली. पावलं मोजता येत होती, मग येईनात. डॉक्टर रेशमी कुर्ता घालून जिन्यावर आले. एकच शब्द विचारला, "धरेल?" यानुशनं मान डोलवली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "धरेल. आणि मी इथंच उभा आहे." जेवणाची पानं गॅरेजमध्ये मांडली होती, खाली दुसरं कुणी येणार नव्हतं.

मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधली होती, आणि चारही कच्च्या तुळयांवर दोरीच्या रेषेत पेन्सिलीची खूण केली होती. तुळई खाली आली की खूण दोरीच्या खाली जाणार. यानुशला म्हटलं, तू वर जा, जेव. तो म्हणाला, "मला त्या पाच तुळयांची खात्री आहे, पण तुझ्या डोळ्यांची नाही. चष्मा लाव."

आरती सुरू झाली. टाळ्या वाजायला लागल्या तशी धूळ पडायला लागली, बारीक, टॉर्चच्या उजेडात. मग टाळ. मग पोरं. खूण हलली. दोरीच्या खाली गेली, पेन्सिलीच्या रेघेएवढी, परत वर आली. पुन्हा गेली, परत आली. यानुशनं गळ्यातला क्रॉस मुठीत धरला होता. मी गणपतीचं नाव घेत नव्हतो, खोटं कशाला सांगू. मी म्हणत होतो, बाई, धर. बाई, धर. लाकडाला म्हणत होतो. शेवटी सगळे जागेवर फिरले आणि अख्खं छत हुंकारल्यासारखं वाजलं. खूण दोरीच्या रेषेवर येऊन थांबली. मग वर शांत झालं.

मी पायरीवर बसलो. 

आरतीचं तबक सगळ्यांपुढं फिरवतात. कुणीतरी राहिलं का म्हणून वहिनींनी विचारलं असावं, कारण जिन्यावर पावलं वाजली आणि त्या तबक घेऊन खाली आल्या. त्यांच्या मागून डॉक्टर, त्यांच्या मागून दहा-पंधरा जण, आणि पोरं.

"आरती घ्या, भाऊ. यानुशजी, तुम्ही पण." यानुशनं माझं बघून ज्योतीवरून हात फिरवले आणि डोक्याला लावले.

एक पोरगी वर बघून म्हणाली, "What happened to your ceiling?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.  डॉक्टर सांगू शकले असते. सांगितलं असतं तर मी तिथून गेलो असतो, परत त्या लोकांत आलो नसतो. पण ते गप्प राहिले आणि मला जागा दिली. मग मीच पुढं झालो. त्यात दोन इंजिनिअर होते, एक बाई तर पुलांची डिझाइनं करणाऱ्या. त्यांच्यासमोर मी, सातवी पास, पट्टी डब्यांवर ठेवली आणि म्हटलं, हे मी केलं. इथं कापलं, इथं कापायचं नसतं. का, ते बघा. आणि अंगठा दाबला.

कट् झालं तशी पोरं खूश झाली, "अगेन! अगेन!" पुलाच्या बाई जवळ आल्या, चीर बघितली, नवीन तुळईचे बोल्ट हातानं चाचपले आणि म्हणाल्या, "काम पक्कं झालंय." मला आयुष्यात मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट. त्याच्यावर सही नाही.

यानुश आता टेनेसीत मुलीकडं असतो. वहिनी गेल्या. त्या दोघांचं आणि सुमनचं माझ्यावर जे आहे ते फिटण्यातलं नाही, आणि ते फेडायची मला घाईही नाही. पुढं वीस वर्षं मी याच गावांत पाइप ओवले, शेकडो तुळयांतून, मध्यातून. एकही खाच नाही. निखिलनंही भोकंच पाडली. वाकणारा प्लास्टिकचा पाइप मिळतो आता, त्याचं नशीब. फोटो पाठवला. दोन भोकं जरा खाली आहेत, ते मी त्याला सांगितलंय.

त्या शनिवारी सगळे जेवायला गेले तरी डॉक्टर मागं राहिले. खांब, दोरी, उरलेल्या चार तुळया, सगळं फिरून बघितलं. मी हत्यारं गोळा करत होतो. वाटलं, आता सांगतील, उरलेलं दुसऱ्याकडून करून घेतो.

"वरच्या मजल्यावर आईची खोली आहे," ते म्हणाले. "तीही गार असते. कधी येताय?"

मी म्हटलं, "आधी या चार होऊ द्या."

"सोमवारी या," ते म्हणाले. "चला, मोदक गार होतायत."